नाव, पैसा आणि पहिला महिना

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘परदेशात शिकायला जाताना’. मी त्यांना म्हटलं, अरे, मी परदेशात शिकलेच नाही. कंपनीनं पाठवलं म्हणून तीन वर्षं जर्मनीत नोकरी केली, एवढंच. तर ते म्हणाले, “मग तू शिकायला का गेली नाहीस, ते सांग. तेच पोरांच्या जास्त कामाचं आहे.” म्हणून उभी आहे.

मी २००२ साली इंजिनियर झाले. पुण्यात नोकरी लागली. २००४ मध्ये जर्मनीतल्या एका विद्यापीठात पुढच्या शिक्षणासाठी मला प्रवेश मिळाला. तिथल्या सरकारी विद्यापीठात शिकवणीची फी तेव्हा नव्हती, म्हणून धाडस केलं होतं. पण वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधी दाखवावे लागत होते. तिकीट धरून साधारण पाच लाख रुपये. बँकेत गेले. चार लाखांच्या वर कर्ज हवं तर तारण पाहिजे, असं सांगितलं. वडिलांच्या नावावर चार एकर जमीन होती. साहेबांनी सातबारा पाहिला आणि परत दिला. आदिवासी खातेदाराची जमीन, आम्हाला ती तारण म्हणून चालत नाही, म्हणाले.

आदिवासींची जमीन बिगर आदिवासींच्या हातात सहज जाऊ नये म्हणून कायद्यात बंधनं आहेत, आणि ती असायलाच हवीत. ती नसती तर ती चार एकर माझ्या आजोबांच्या वेळीच गेली असती. ज्या कायद्यानं आमची जमीन राखली, त्याच कायद्यामुळे मला कर्ज मिळालं नाही. यात कोणाला दोष द्यायचा, हे मला त्या दिवशीही कळलं नाही आणि आजही कळत नाही. मी पुण्याला परत गेले आणि कामाला लागले.

हे सांगून रडगाणं गायचं नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की परदेशी शिक्षण बहुतेक वेळा हुशारीपाशी अडत नाही. ते एखाद्या कागदापाशी अडतं, एखाद्या तारखेपाशी अडतं. हुशारी एका रात्रीत येत नाही, पण कागद आणि तारखा वेळेवर सांभाळता येतात. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

पहिली गोष्ट, नाव.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या मुलीला जर्मनीत एमएस्सीला प्रवेश मिळाला होता. मैत्रीण दहावीपर्यंत माझ्या शेजारी बसायची, त्यामुळे तिची मुलगी मला मावशी म्हणते. मी म्हटलं, सगळे कागद फोटो काढून पाठव. पाहिले तर दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव ‘व्ही’ नं सुरू होत होतं, पदवीच्या गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ नं. वडिलांच्या नावातल्या ‘सिंग’ ला एका कागदावर शेवटी ‘एच’ होता, दुसऱ्यावर नव्हता. पासपोर्ट तिसऱ्याच पद्धतीचा.

मैत्रीण म्हणाली, “अगं, एका अक्षरानं काय होतंय?”

मी म्हटलं, “तुझ्या बापाच्या सातबाऱ्यावर एक अक्षर चुकलं असतं तर काय झालं असतं?”

ती गप्प झाली. तलाठ्याकडे चकरा मारलेल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही.

आपल्याकडे ही चूक कशी होते, तेही पाहा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा आणि बाकी नावाचा वेगळा. एजंट किंवा सायबर कॅफेवाला घाईत वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात टाकतो, आणि मुलगी कागदावर दुसऱ्याच घराची होते. शिवाय वळवी, वसावे, गावित, पाडवी, कोकणी ही आपली आडनावं इंग्रजीत कशी लिहायची याचा एक नियम कोणी केलेला नाही. प्रत्येक कारकून आपल्या कानाला पटेल तसं लिहितो.

जिल्ह्याच्या नावाचाही घोळ आहे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी आपण धुळे जिल्ह्यात होतो, आणि आपल्या आजोबांच्या कागदावर पश्चिम खानदेश आहे. गाव तेच, घर तेच, पण तीन पिढ्यांचे तीन जिल्हे. जातपडताळणीला आजोबांचा कागद लागतो, तेव्हा हे समोरच्याला समजावून सांगावं लागतं. म्हणून तिन्ही पिढ्यांचे शाळेचे दाखले एका फाइलमध्ये ठेवा, आणि वैधता प्रमाणपत्र बारावीच्या आधीच काढून ठेवा. शिष्यवृत्तीची जाहिरात आल्यावर धावपळ केली तर ते वेळेत हातात पडेलच याची खात्री नाही.

त्या मुलीच्या नावाचं काय झालं? प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नोंद, मग पासपोर्टची दुरुस्ती. यात एक सत्र हातचं गेलं. विद्यापीठानं प्रवेश पुढच्या सत्रात घ्यायला परवानगी दिली, हे नशीब. सगळीच विद्यापीठं देत नाहीत.

दुसरी गोष्ट, पैसा.

आकडे सांगते, कारण आकडे कोणी नीट सांगत नाही. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम एका बंद खात्यात आधी भरावी लागते. तिकडे पोचल्यावर त्यातून दर महिन्याला ठरलेले पैसे मिळतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. ही फी नाही, हा आपलाच खर्च आहे, पण तो आधी एकरकमी उभा करावा लागतो. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग या राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. भारतातली पदवी तपासून देणारं एपीएस नावाचं प्रमाणपत्रही आता सक्तीचं आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज करण्याआधीच ते मागवायचं.

इंग्लंडची रीत वेगळी. तिथे लागणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात असली पाहिजे. सत्ताविसाव्या दिवशी त्यातून हजार रुपये काढले आणि शिल्लक कमी झाली, की मोजणी परत पहिल्यापासून. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरायचा. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर क्षयरोगाची तपासणी ठरवून दिलेल्या केंद्रातच करून घ्यावी लागते. गावच्या डॉक्टरांचा दाखला चालत नाही.

आणि तिकडे जाऊन काम करून फी फेडू, या भरवशावर कोणी निघू नका. इंग्लंडमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, कॅनडात २४ तास, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस, एवढीच परवानगी आहे. त्यातून भाजीपाला निघेल, भाडं निघेलच असं नाही. नियम मोडून जास्त काम केलं तर व्हिसा धोक्यात येतो.

आपल्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आहेत. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, पण देशभरातून वर्षाला फक्त २० जागा. राज्याच्या आदिवासी विकास विभागाचीही योजना आहे, तिची चौकशी नंदुरबारच्या प्रकल्प कार्यालयात करा. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. उत्पन्नाची अट, वयाची अट, विद्यापीठाच्या क्रमांकाची अट बदलत असते, म्हणून ऐकीव माहितीवर जाऊ नका. त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा.

पण एक गोष्ट कुठल्याच जाहिरातीत लिहिलेली नसते. शिष्यवृत्तीचा निकाल आणि विद्यापीठात पैसे भरायची शेवटची तारीख एकमेकांसाठी थांबत नाहीत. कर्जाचंही तसंच. या मुलीचं कर्ज मंजूर झालं होतं. बँक म्हणे, व्हिसा आला की पैसे सोडू. व्हिसाचा अर्ज म्हणे, आधी पैसे भरल्याचा कागद दाखवा. मधे दोन-तीन महिन्यांची खिंड. ही खिंड श्रीमंताचं पोर पळत ओलांडतं, कारण त्याच्या बापाच्या खात्यात तेवढे पैसे पडून असतात. आपलं पोर तिथेच बसून राहतं. मीही २००४ साली तिथेच बसले होते.

मग मी आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. देणगी नको, हातउसने द्या. चार महिन्यांसाठी, बिनव्याजी. कोण किती देऊ शकतं, ते मला एकटीला कळवा, ग्रुपवर आकडा नको. अकरा जणांनी दिले. त्यात किराणा दुकानवाला आहे, दोन शिक्षक आहेत, एक एसटीचा चालक आहे. त्यानं २०,००० दिले आणि वर मला म्हणाला, “ताई, कमी आहेत, राग मानू नको.” वर्गात हा मला आडनावानं हाक मारायचा, आणि त्या दिवशी ताई म्हणाला. उरलेले मी घातले. सगळे पैसे खात्यातून खात्यात गेले, रोख एक रुपयाही नाही, कारण २०,००० किंवा त्याहून जास्त उसनवार रोखीनं घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. प्रत्येकाला साध्या कागदावर चिठ्ठी दिली. कर्ज सुटल्यावर पाचव्या महिन्याच्या आत सगळ्यांचे पैसे परत गेले. वही मी आज बरोबर आणली आहे, कोणाला पाहायची असेल त्यानं पाहावी.

पैशाबद्दल आणखी एक. एजंटांपासून जपा. सगळेच वाईट नसतात, पण तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका. २०२३ मध्ये कॅनडातल्या कितीतरी भारतीय विद्यार्थ्यांना कळलं की एजंटानं दिलेलं त्यांचं प्रवेशपत्र बनावट होतं. तिकडे जाऊन शिकून झाल्यावर, कायमच्या परवान्याचा अर्ज केल्यावर कळलं. प्रवेशपत्र हातात आलं की विद्यापीठाच्या पत्त्यावर स्वतःच्या ईमेलवरून विचारा, हे तुम्हीच दिलं आहे का. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी गोष्ट, पहिला महिना.

माझा तिकडचा अनुभव नोकरीचा, पण पहिला महिना सगळ्यांचा सारखाच जातो. २०११ च्या नोव्हेंबरात मी पोचले. साडेचार-पाचला अंधार. रविवारी सगळी दुकानं बंद, हे मला माहीत नव्हतं. शनिवारी रात्री उशिरा उतरले होते. सोमवार सकाळपर्यंत विमानातून आणलेल्या बिस्किटांवर काढले. ही मुलगी निघाली तेव्हा तिला मी पहिली सूचना दिली, रविवारी उतरू नकोस. आणि उतरावंच लागलं तर दोन दिवसांचं खाणं बॅगेत ठेव. तिनं नागलीच्या भाकरी बांधून नेल्या. तूप मात्र मी ठेवू दिलं नाही, कारण दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत. तिची आजी माझ्यावर अजून रागावलेली आहे.

खोलीचं प्रवेश मिळाल्याच दिवशी बघा. विद्यार्थी वसतिगृहांच्या याद्या लांब असतात, आपला नंबर लागायला महिने जातात. न पाहिलेल्या घरासाठी अनामत आधी पाठवू नका, फोटो कितीही सुंदर असोत. घर मिळालं की तिथल्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्या नोंदीशिवाय पुढची बरीच कामं अडून राहतात. विम्याचा कागद जपून ठेवा. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर विद्यार्थ्यांची नोंदणी होते, ती जाताना करून ठेवा. अडचणीत आपल्या दूतावासाला तुम्ही तिथे आहात हे माहीत असलेलं बरं.

आणि कागदपत्रं एकाच बॅगेत ठेवू नका. हे मी बाबासाहेबांकडून शिकले. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन ते अमेरिकेला गेले, तिथून लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पुस्तकं आणि सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं होतं. ती बोट जर्मन पाणबुडीनं बुडवली. पुढे १९२० मध्ये स्वतः साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राकडून घेतलेले उसने पैसे, यावर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. घेतली. गायकवाडांचं जुनं ठिकाण असलेलं सोनगड आपल्या नवापूरच्या पलीकडेच आहे. सुरतला जाताना आपण सगळे ते रेल्वेच्या खिडकीतून पाहतो. मला या गोष्टीत त्या मित्राचे उसने पैसे महत्त्वाचे वाटतात. एवढ्या मोठ्या माणसालाही शिष्यवृत्ती पुरली नाही. मधली खिंड मित्रानं भरून काढली.

पहिल्या महिन्यात रडू येतं. त्या मुलीलाही आलं. एका रात्री तिचा फोन आला, “मावशी, वर्गात सगळे भराभर बोलतात. मला पहिला अर्धा तास काही कळतच नाही.” मी विचारलं, “घरी तू काय बोलतेस?” म्हणाली, मावची. शाळेत? मराठी. बाजारात? गुजराती. टीव्हीवर? हिंदी. पुस्तकात? इंग्रजी. मी म्हटलं, “मग तुझ्या वर्गातल्या किती जणांना पाच भाषा येतात, ते उद्या विचारून ये.” दुसऱ्या दिवशी तिनं मेसेज केला, एकालाही नाही. आपल्या पोरांना हे कोणी सांगत नाही. खांडबाऱ्याच्या आठवडे बाजारात फिरणारं पोर रोज तीन भाषांत व्यवहार करतं आणि स्वतःला भाषेत कच्चं समजतं.

आता शेवटचं, आणि मग बसते.

जर्मनीत असताना एका सुट्टीच्या दिवशी मी रेल्वेनं त्या विद्यापीठाला जाऊन आले. ज्यानं मला २००४ ला प्रवेश दिला होता, तेच. इमारत साधी होती. मुलं सायकली लावत होती. मी अर्धा तास बाहेरच्या बाकावर बसले आणि परत आले. कोणाला सांगितलं नाही.

चार वर्षांपूर्वी वडील गेले. वारसनोंदीसाठी सातबारा शोधायला मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. सातबाऱ्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत ते प्रवेशपत्र होतं. इंग्रजी पत्र. वडिलांना मराठीही सही करण्यापुरतं येत होतं. मी ते पत्र फेकून दिलं असं समजत होते. त्यांनी ते जमिनीच्या कागदाबरोबर जपून ठेवलं होतं.

म्हणून आज तीन गोष्टी मागते.

सर, बाई, पहिली तुमच्याकडे. दहावीचा फॉर्म भरताना प्रत्येक मुलाचं नाव इंग्रजीत कसं लिहायचं, ते घरच्यांसमोर एकदा ठरवा आणि रजिस्टरशी ताडून पाहा. एका मुलामागे दहा मिनिटं जातील. शाळा सोडल्यावर तीच दुरुस्ती करायला महिने लागतात, हे मी पाहिलं आहे. या कामाला माणसं कमी पडली तर दर वर्षी आमच्या वर्गातले चार जण येऊन बसतील. मी येईन.

दुसरी, सगळ्या माजी विद्यार्थ्यांकडे. देणगीचा फलक नको, नावांची यादी नको. हातउसन्या पैशांची एक वही सुरू करू. पोराचं कर्ज किंवा शिष्यवृत्ती मंजूर आहे, पण पैसे यायचे आहेत, अशा वेळेपुरतेच पैसे द्यायचे, आणि ते परत आले की पुढच्याला. परदेशातच जायला हवं असं नाही. पुण्याच्या वसतिगृहाच्या अनामतीसाठीही तीच खिंड असते.

तिसरी, तुम्हा मुलांकडे. प्रवेश मिळाला की आधी आम्हाला फोन करा, एजंटाला नंतर. आमच्या वर्गातल्या कोणालाही करा, माझा नंबर प्रत्येकाकडे आहे.

ती मुलगी आता दुसऱ्या सत्रात आहे. तिनं पहिल्या महिन्याच्या पैशातून थोडे वाचवले आणि आईला सांगून वहीत जमा करायला पाठवले. मी परत पाठवले. म्हटलं, आधी शिकून घे, वही कुठे जात नाही.